आबांचे लाल ठिपके

रविवार, गणपती उठल्यानंतरचा पहिला. साल दोन हजार दोन. ठिकाण : शिरूर, आमच्या घरमालकांची ओसरी. हजर : घरमालक आबा, त्यांच्या पत्नी नानी, त्यांची दौंडला दिलेली लेक, जिला आम्ही सगळे आक्का म्हणत असू, आमचे हे, आणि मी. शिवाय मी पुण्याहून आणलेला नवा टेलिफोन, खोक्यासकट. गैरहजर : कोणी नाही.

हजेरी मांडल्याशिवाय मला कामाला हात घालता येत नाही. सणसवाडीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत असे. दिवसभर तिथे याद्या करायच्या आणि कंपनीच्या बसने शिरूरला परत येताना घरच्या याद्या करायच्या, असा माझा क्रम होता. "हिला स्वर्गात नेलं तर आधी तिथला स्टॉक मोजेल, मग आत जाईल," असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

त्या रविवारी विषय एकच होता. नानींची नजर काचबिंदूने चालली होती. समोर कोणीतरी उभं आहे एवढं त्यांना कळे, कोण ते आवाजावरून. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेली ती नजर परत येणार नाही. आबा आठवड्यातले निम्मे दिवस न्हावऱ्याला शेतावर असत आणि तेवढे दिवस नानी घरात एकट्या. म्हणून आक्का त्यांना कायमचं दौंडला न्यायला आली होती.

"आई, दौंडला काय कमी हाय? ह्यांची रेल्वेची नोकरी, पाणी चोवीस तास, मी घरात. तुला हितं बसून काय करायचंय?"

नानी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "दौंडला तुझं घर हाय. तिथं मीठ कुठं ठिवलंय ते तुला म्हाईत. हितलं मला म्हाईत."

"आन् पडलीस-झडलीस तर?"

"पडल्यावर बघू."

शेवटी तडजोड निघाली. आबांच्या घरात तोवर फोन नव्हता. तो त्याच आठवड्यात लागला होता. नानींना एकटीने, कोणाच्या मदतीशिवाय फोन लावता आला तर त्या शिरूरला राहणार. नाही आला तर दौंड. आणि फोनचं यंत्र निवडायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. हे ऐकून आबा खोक्याकडे बघत नुसते म्हणाले, "घोडीवर चढंल का?"

या प्रश्नाचा खुलासा करायचा तर थोडं मागे जायला हवं.

आम्ही पहिल्यांदा खोल्या बघायला गेलो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या विजेच्या बोर्डाने माझं लक्ष वेधून घेतलं. बोर्डावर आठ बटणं होती आणि त्यातल्या तीन बटणांवर फाटकाच्या लाल ऑइलपेंटचा ठिपका होता.

"ही लाल कशाची?" मी विचारलं.

"आपली," आबा म्हणाले.

"आणि बाकीची?"

"लोकाची मेंढरं. आपल्या कळपात शिरली म्हनून काय आपली हुत्यात?"

एका बटणाचा दिवा कधी बसवलाच नव्हता, एकाची वायर उंदराने खाल्ली होती, एक कशाचं ते वायरमनलाही माहीत नव्हतं. ती काढून टाका म्हटलं तर आबा म्हणाले, "आसूंद्या की. चरत्यात बिचारी."

आबांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या मेंढरं होती. लहानपणी ते दिवाळीनंतर कळपामागे कोकणाच्या अंगाला उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येत. सगळा संसार एका घोडीच्या पाठीवर. दोन कळप एकमेकांत मिसळले की निवडायला सोपं जावं म्हणून आपापल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाचा टिपका देत. पुढे आबांच्या वडिलांनी न्हावऱ्याला जमीन घेतली, कांदा-ऊस करू लागले, आबांनी शिरूरला घर बांधलं, मेंढरं गेली. टिपका द्यायची सवय मात्र हातात राहिली. घरात नवी वस्तू आली की आबा पहिला आठवडा नुसते बघत. कोणतं बटण रोज लागतं, ते ठरवत. मग काडीला कापूस गुंडाळून, डबीतला लाल रंग घेऊन, त्या बटणांना टिपका देत. उरलेल्या बटणांवर नळाच्या सांध्याला लावतात ती दोन रंगांची पुटी मळून थापत. ती सुकली की दगड. विषय संपला.

वस्तू घ्यावी की न घ्यावी याची परीक्षाही घोडीचीच. आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पो उतरवला जात होता आणि आबा पायरीवर बसून एकेका खोक्याला विचारत होते, "हे घोडीवर चढंल का?" मिक्सरच्या जास्तीच्या भांड्यांचं खोकं, सँडविचचं यंत्र, पायाला मालीश करायची पेटी, सगळं त्यांच्यासमोरून गेलं. माहितीपुस्तकांची आणि वॉरंटी कार्डांची फाईल मी स्वतः हातात धरून आणली, तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यात काय?"

"यात सगळ्या वस्तू कशा वापरायच्या ते लिहिलंय."

"म्हंजी वस्तूंवर आनखी एक वस्तू."

मग त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. "आमची आय घोडी लादायची. जी चीज दोन मुक्कामांत कुनाच्या हातात आली न्हाई, ती ती बांधावर ठिवून द्यायची. इचारायची पन न्हाई."

आतून नानींचा आवाज आला. "माझा आरसा आसाच ठिवला सासूबाईंनी. आजून कोन तरी त्यात तोंड बघत आसंल."

आता माझ्याबद्दल. मला बटणं आवडत. खूप बटणं असलेली वस्तू मला कर्तबगार वाटे. स्टोअरमध्ये एकाच कामाचे पाने-पेचकस पाहून कंटाळलेली मी दुकानात गेले की "यात अजून काय काय आहे?" असं विचारायची आणि दुकानदार मला ओळखून होते. आमचं कपडे धुण्याचं मशीन तर मी केवळ त्याच्या तोंडावरची गोल चकती पाहून घेतलं. तिच्यावर लोकर, रेशीम, पडदे, कमी चुरगाळणारे, अगदी नाजूक, असे कितीतरी प्रकार होते. आमच्या घरात रेशीम म्हणजे लग्नातला शालू, तो मशीनमध्ये घालायची हिंमत कोणाची नव्हती. लोकर म्हणजे ह्यांची माकडटोपी. तरी पण सोय होती.

ते मशीन बघायला आबा एकदा मुद्दाम वर आले. स्टूल घेऊन समोर बसले. मी उत्साहाने माहितीपुस्तक उघडून एकेक प्रकार समजावून सांगू लागले. सांगता सांगता दोन बटणं एकदम दाबली गेली आणि मशीनवर कुलपाचं चित्र उमटलं. लहान मुलांनी खेळू नये म्हणून ठेवलेलं ते कुलूप. आमचा मुलगा तेव्हा पुण्याला कॉलेजच्या होस्टेलवर होता; घरात लहान मूल औषधालाही नव्हतं. दार बंद, आत पाण्यात ह्यांच्या ऑफिसच्या पॅंटी, आणि कुलूप उघडायचं कसं ते पुस्तकात "पान बारा पाहा" असं लिहिलेलं. पान बारावर लोकर कशी धुवावी ते होतं.

हे लुंगीवर फेऱ्या मारू लागले. "मशीनला विचार ना, सोडतेस का म्हणून. सगळं येतं म्हणालीस."

आबा शांतपणे काचेतून आत फिरणाऱ्या पॅंटींकडे बघत होते. म्हणाले, "ताई, तुमी रोज कंचं दाबता?"

"हे एकच," मी मान्य केलं. "रोजचे सुती."

"मग ही बाकीची कशापायी पोसता?"

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर माझ्या मशीनच्या चकतीवर 'रोजचे सुती'पाशी लाल ठिपका होता. काम आबांनी केलं होतं आणि टॉर्च आमच्या ह्यांनी धरला होता. "पुटी लावू दिली नाही, एवढं तरी मान," हे म्हणाले. मी खाली जाऊन आबांना सांगितलं की याने वॉरंटी जाईल.

"जाऊंद्या. तिला काय घोडीवर येगळी गोनी लागती व्हय?"

असं वाचून कोणाला वाटेल की आबांचं सगळं बरोबर असे. तसं अजिबात नव्हतं. टीव्हीच्या रिमोटवर त्यांनी चालू-बंद आणि चॅनेल एवढंच ठेवलं होतं. आवाजाच्या बटणावर पुटी. आवाज त्यांनी एका थंडीत कायमचा लावून टाकला. उन्हाळा आला, पंखा सुरू झाला, बातम्या ऐकू येईनात. पुटी फोडली असती तर काम झालं असतं. पण हार मानतील ते आबा कसले? त्यांनी पंखा बंद केला. ऐन मे महिन्यात बनियन पिळत बातम्या ऐकत बसलेले आबा मी स्वतः पाहिले आहेत.

"बातम्या ऐकायच्या तर घामाघूम व्हायचं," नानी म्हणत. "लई सादं राहनं चाललंय आमचं."

टेपरेकॉर्डरचंही तेच. कॅसेट मागे-पुढे करायची बटणं बुजवलेली. त्यांच्याकडे धनगरी गजीनाचाच्या ढोलाची एक कॅसेट होती. एकदा ऐकलेलं पुन्हा ऐकायचं तर कॅसेट उलटी करून मागची बाजू पूर्ण वाजू द्यावी लागे. एका बाजूच्या ढोलासाठी आम्ही सगळे वरच्या मजल्यावर दोन्ही बाजूंचा ढोल ऐकत असू. मी ह्याबद्दल तक्रार केली तर म्हणाले, "मेंढरं उलटी चालवता येत्यात का? फिरवूनच आनावी लागत्यात."

तर असे आबा, आणि अशी मी. आणि आमच्या दोघांच्या मध्ये तो फोन.

फोन मी पुण्याच्या मोठ्या दुकानात तासभर घालवून निवडला होता. त्याला स्पीकर होता, गजर होता, हिशेबाचं यंत्र होतं, आवाज बंद करायचं बटण होतं, समोरच्याला थांबवून धरलं की वाजणारी धून होती. आणि मुख्य म्हणजे उजव्या अंगाला तीन मोठी बटणं होती, ज्यांत एकेक नंबर भरून ठेवता येई. एक दाबलं की नंबर आपोआप लागे. नानींना तेवढंच तर हवं होतं. बाकीचं मी कशाला घेतलं, हे मला तेव्हाही कोणी विचारलं नाही, कारण माझ्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नसे.

पहिल्या बटणात मी आक्काचा दौंडचा नंबर भरला. दुसऱ्यात न्हावऱ्याच्या दूध डेअरीचा; डेअरीच्या दारातून हाक मारली की ती आबांच्या शेतापर्यंत जाते. तिसऱ्यात वरच्या मजल्यावरचा, आमचा. आणि मग मी माझं खरं काम पिशवीतून बाहेर काढलं. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर जाड ठशात छापून, प्लास्टिकमध्ये घालून आणलेली सूचनांची पाटी. काय दाबावं, काय दाबू नये, चुकून दाबलं तर काय करावं. ती मी नानींच्या हातात दिली.

नानींनी ती उलटसुलट केली, कडांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "अक्षर लई टपोरं आसंल, ताई. पर कागुद कुठं हाय, त्येच दिसंना."

हे पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

सोमवारी आक्का दौंडला गेली, आबा न्हावऱ्याला, मी कामावर. परीक्षा सुरू. दुपारी नानींनी उजव्या अंगाचं बटण म्हणून चाचपून एक बटण दाबलं, मग दुसरं. दौंडला घंटा वाजली. आक्काने उचललं, तर पलीकडे चिडीचूप. पुन्हा घंटा, पुन्हा चिडीचूप. आवाज बंद करायचं बटण दाबलं गेलं होतं; नानी इकडे भरपूर बोलत होत्या. आक्काने उलट फोन केला तर तो सतत लागलेला, कारण नानींनी रिसीव्हर ठेवला तरी स्पीकर चालूच होता. तिने अंगावरच्या साडीनिशी शिरूरची एसटी पकडली, वाटेत न्हावऱ्याला उतरून शेतावरून आबांना उचललं आणि दोघं धापा टाकत घरी आले. नानी ओसरीवर मेथी निवडत होत्या आणि शेजारी फोन धून वाजवत होता.

"आज सगळी कशी काय?" नानी म्हणाल्या. "चा ठिवू का?"

संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले तेव्हा आक्का नानींच्या लुगड्यांच्या घड्या बॅगेत भरत होती. डोळे रडून लाल. कोणी माझ्याकडे बघेना. नानी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांचा हात मागच्या फडताळावर होता. फडताळ कुठे जाऊ नये म्हणून धरून ठेवल्यासारखा.

"मी ती पाटी पुन्हा..." मी सुरुवात केली.

"ताई," आबा म्हणाले, "त्या फोनवर मेंढरं लई झाली."

त्यांनी कपाटातून लाल रंगाची डबी काढली. काडीला कापूस गुंडाळला. फोन मांडीवर घेतला आणि उजव्या अंगाच्या तिन्ही बटणांना असे टिपके दिले की कुंकवाच्या दुकानात नमुना म्हणून मांडावेत. मग फोन लांब धरून, मान वाकडी करून बघितला. आपलं काम त्यांना आवडलेलं दिसलं.

"काय केलंत?" नानींनी विचारलं.

"लाल टिपकं दिलं तिन्हीला. आता काय चुकत न्हाईस."

"मला दिसत्यात व्हय ती?"

आबांनी काडी खाली ठेवली आणि डबीचं झाकण लावलं. आणि मला, खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटलं. टपोरी अक्षरं देणारी मी एकटीच नव्हते.

आक्काने बॅगेची चेन ओढली. तेव्हा नानी म्हणाल्या, "तुमाला रातचं मेंढरू कसं घावायचं, आठवतंय का? टिपका कुनाला दिसायचा अंधारात? मी कानाला हात लावायची. आपल्या मेंढराचा कान कातरल्याला आसायचा. एक कातर थोरल्या दिरांची, दोन आपली."

आबा उठले. गॅस पेटवला आणि सुरीचं टोक लालभडक केलं. माझ्या नव्या कोऱ्या फोनच्या पहिल्या बटणाच्या कडेला त्यांनी एक खाच पाडली, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. जळक्या प्लास्टिकचा वास घरभर पसरला. माझ्या तोंडून "वॉरंटी" एवढा शब्द निघालाच. कोणी लक्ष दिलं नाही.

नानींनी फोन मांडीवर घेतला. बोट फिरवलं. "ही आक्का. हे डेअरीवालं. ह्या ताई." पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या हसल्या.

आबांनी मग पुटी मळली. गजर, हिशेब, धून, स्पीकर, आवाज बंद करायचं बटण, आकड्यांची बटणं सगळी, एकेक बुजवत चालले. नंबर भरायच्या बटणापाशी आले तेव्हा मी मध्ये पडले.

"आबा, हे आणि आकडे तेवढे मोकळे ठेवा. उद्या एखादा नंबर बदलला तर?"

"मानसं बदलत्यात व्हय?" आबा म्हणाले आणि त्यावर पुटीचा गोळा ठेवून अंगठ्याने दाबला. रात्रीतून पुटी सुकली. अंगठ्याच्या रेघा तिच्यावर तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आक्का रिकाम्या बॅगेने दौंडला गेली. लुगडी मात्र तिने कॉटवरच काढून ठेवली होती, लागली तर पुन्हा भरायला. "घरी पोचले की बघते. तुझा फोन आला आन् तुझं बोलनं ऐकू आलं तर राहा. न्हाईतर उद्या मी ह्यांना घेऊन येते, मग काय ऐकायची न्हाई." मी त्या दिवशी कारखान्यात अर्धी रजा टाकली. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, 'घरगुती तपासणी'.

दुपार उलटल्यावर नानींनी रिसीव्हर कानाला लावला. आबा ओसरीवर, मी दारात, दोघांनीही हात लावायचा नाही असं ठरलेलं. नानींचं बोट बटणांवरून गेलं, एका खाचेवर थांबलं, दाबलं. घंटा वाजलेली मलाही दारात ऐकू आली. मग आक्काचं "हॅलो".

"आगं," नानी ओरडल्या, "मिठाची बरनी कुठं ठिवलीस? काल भरताना हिकडची तिकडं केलीस बघ!"

मग आक्का म्हणाली, "फडताळात, आई. खालच्या फळीवर." ती रडत होती की हसत होती, मला दारातून कळलं नाही. नानींनी फोन ठेवला, भिंतीच्या कडेने आत गेल्या आणि बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. लुगडी संध्याकाळी मी कॉटवरून उचलून ट्रंकेत ठेवली.

त्यानंतर तीन खाचांचं बटण सगळ्यात जास्त वापरलं गेलं. आम्ही बरोबर डोक्यावर राहत होतो. हाक मारली असती तरी भागलं असतं. पण नानी फोन करत. "ताई, दुधाला वास येतुया का बघ." "ताई, ह्यांचा सदरा उलटा हाय का सुलटा?" आबांनी मात्र त्या फोनला कधी हात लावला नाही. त्यांना मला बोलवायचं असलं की ते अंगणात उभं राहून आभाळाकडे तोंड करून ओरडत.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात आबा न्हावऱ्याला शेतावर असतानाच गेले. कांद्याच्या चाळीपाशी बसले होते, बसलेलेच राहिले. नानी तरी शिरूरलाच राहिल्या. आक्काने पुन्हा दौंडचा विषय काढला, पण आता तिच्याकडे मुद्दा उरला नव्हता. दोन खाचांचं बटण नानी अजूनही दाबतात. डेअरीवाला "बोला नानी" म्हणतो आणि त्या पाऊस झाला का ते विचारतात.

मग ह्यांची बदली झाली आणि आम्ही हडपसरला आलो. शिरूरचा फोन आम्ही बंद केला. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं, आणि मी नानींना फोन लावला. "नानी, तीन खाचांचं बटण आता दाबू नका बरं का. तो नंबर आमचा राहिला नाही."

"व्हय? काल तर दाबलं. चांगला बोलला की."

"कोण?"

"हिंदीवाला हाय. विहिरीच्या जळल्याल्या मोटारी बांदतो, स्टँडमागं. म्या म्हनलं, दुधाला वास येतुया का बघा. तर आला की ह्यो सायकलीवर. वास घेतला आन् म्हनला, अम्मा, फट गया है."

माझ्या डायरीत त्याच दिवशी काम नोंदवलं गेलं आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी पूर्ण तयारीने शिरूरला गेले. बारीक पेचकस, माहितीपुस्तकाची झेरॉक्स, पुटी मऊ करायला केस वाळवायचं यंत्र. त्या यंत्राला थंड वारं, गरम वारं आणि केस कुरळे करायचं एक जास्तीचं तोंड आहे. तेही बरोबर घेतलं होतं, असावं म्हणून.

नानींनी फोन मांडीवर घेतला. मी काय करणार ते सांगितलं. त्यांचं बोट पुटीवरून फिरत फिरत आबांच्या अंगठ्यापाशी आलं आणि तिथे थांबलं.

"हे फोडावं लागंल व्हय?"

"हे आणि आकड्यांवरची, एवढंच फक्त. बाकी कशाला हात लावत नाही."

"मग राहू दे."

"नानी, पण तो नंबर परक्या माणसाचा..."

"आता कुठला परका? तू पुन्यावरनं येस्तवर दूध उतू जाऊन गॅस इझंल. त्यो येतो की लगीच." मग माझा गुडघा चाचपून त्यावर हात ठेवला. "तू काय कुठं जात न्हाईस. आक्काला दाबलं की ती तुला दाबती."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी केस वाळवायचं यंत्र पिशवीत ठेवलं. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी रिसीव्हर उचलला आणि तीन खाचांवर बोट ठेवून दाबलं. पहिल्याच घंटेला उचललं गेलं.

"हां अम्मा, बोलिए।"

"कुछ नहीं," मी म्हटलं. "फोन चालू है क्या, देख रही थी."

"आप कौन?"

याचं उत्तर मी तयार करून आणलं नव्हतं. "ऊपर रहती थी," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

दर जानेवारीला मी मागच्या डायरीतली उरलेली कामं नव्या डायरीत उतरवून घेते. फार नसतात, मी कामं उरू देत नाही. यंदाही पहिल्या पानावर पहिलं तेच आहे. नानींच्या फोनमधला तिसरा नंबर बदलणे. साहित्य : पेचकस, झेरॉक्स, केस वाळवायचं यंत्र. पिशवी भरून कपाटात तयार आहे. जाऊन यायचं तेवढं राहिलंय.